भाच्यासाठी भन्नाट पेन हवेत: खरं डोकं कुठल्यात लावलंय आणि नुसती जत्रेतली खेळणी कुठली?

रंकाळ्याचा_वारा

नमस्कार मंडळी. माझा भाचा सातवीत आहे, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतोय, त्याला सध्या पेनांचा नाद लागलाय. नाद म्हणजे असला की बुटाचा खोका भरलाय घरात. मागं पंखा असलेला पेन, दहा रंगांचा जाडजूड पेन ज्याचे निम्मे रंग आठवड्यात अडकले, सिरिंजसारखा दिसणारा, पोटातून कॅलेंडरची गुंडाळी बाहेर ओढायचा, निळ्या लाइटचा जादूचा पेन, आणि एक शॉक देणारा, जो त्यानं सही करायला म्हणून आजोबांच्या हातात दिला. त्यावर घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.

आता वाढदिवस आलाय आणि या खोक्यात भर घालायचीच तर नीट घालावी म्हणतोय. बजेट चार हजार, सगळं एकाच पेनात घालवायचं नाही, पाच-सहा वेगवेगळे चालतील. अट एवढीच की पेन दिसायला विचित्र नसला तरी चालेल पण आत काहीतरी डोकं लावलेलं पाहिजे, कारण पोरगं सगळं उघडून बघतंय, स्प्रिंग कुठं बसते, रिफिल कशी फिरते. महाद्वार रोडला आणि राजारामपुरीत दोन-चार दुकानं पालथी घातली, एकतर कार्टूनवाले नाहीतर डायरेक्ट मखमली डबीतले सोनेरी, मधलं काही नाहीच.

आणि अजून एक, ते नासानं करोडो घालून अंतराळात चालणारा पेन बनवला आणि रशियानं गुपचूप पेन्सिल वापरली, हे खरं हाय का? त्यानं कुठंतरी ऐकलंय आणि मला रोज विचारालाय.

---

शाईचा_डाग

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण ती गोष्ट व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतीय आणि खोटी आहे.

सुरुवातीला अमेरिकन आणि रशियन दोघंही पेन्सिलीच वापरत होते. उलट पेन्सिलीवरूनच नासाचा बाजार उठला होता, १९६५ साली ह्यूस्टनच्या एका कंपनीकडून ३४ मेकॅनिकल पेन्सिली घेतल्या, एकेक १२८.८९ डॉलरला, आणि लोकांनी बोंबाबोंब केली. पेन्सिलीचा खरा त्रास वेगळाच, टोक मोडलं की तो तुकडा खाली पडत नाही, हवेत फिरत राहतो, डोळ्यात जाईल नाहीतर कुठल्या स्विचमध्ये, आणि ग्राफाइटमधून वीज जाते. लाकूड जळतं ते वेगळंच. जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या आगीत तीन अंतराळवीर गेल्यावर यानात काय न्यायचं यावर जाम कडक झाले ते लोक.

पेन बनवला पॉल फिशर नावाच्या माणसानं, स्वतःच्या खिशातून, नासाचा एक पैसा त्यात नव्हता. नासानं तपासून बघितला आणि अपोलोसाठी ४०० घेतले, ऑक्टोबर १९६८ च्या अपोलो ७ वर तो पहिल्यांदा गेला. आणि आता गंमत, १९६९ ला रशियानंसुद्धा त्याच फिशरकडून १०० पेन आणि १००० रिफिली मागवल्या. म्हणजे पेन्सिलवाले हुशार आणि पेनवाले येडे असं काही नव्हतं.

भाच्याला आत काय आहे ते सांग. साधा बॉलपेन शाई खाली ओढायला वजनावर चालतो. विश्वास नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहून बघा, आडवा धरला की चार दिवसांच्या नोंदीनंतर पेन रुसतो. फिशरच्या रिफिलीत मागून नायट्रोजन दाबून भरलेला असतो, साधारण ३५ पीएसआय, म्हणजे चारचाकीच्या टायरात असते तेवढा दाब. आता एवढ्या दाबानं शाई बाहेर सांडायला पाहिजे की नाही? ती सांडत नाही कारण शाईच तशी बनवलीय, नुसती असताना घट्ट जेलीसारखी आणि गोळी फिरून घासली गेली की तेवढ्यापुरती पातळ. उलटा लिहितो, पाण्याखाली लिहितो, तेलकट कागदावर लिहितो. माझ्या मते खोक्यात पहिला हाच पाहिजे. चंद्रावरचा मॉडेल महाग पडेल, त्याच रिफिलीचा साधा मॉडेल घे.

जाता जाता, अपोलो ११ मध्ये चंद्रावरून उडायच्या आधी इंजिनच्या सर्किट ब्रेकरचं बटण मोडलं होतं, ते बझ ऑल्ड्रिननं आत ढकललं साध्या फेल्ट टिप पेननं, म्हणजे आपल्या स्केचपेनचा भाऊ. धातूचं काही घालायला नको म्हणून. स्केचपेनला गुरुत्वाकर्षण लागतच नाही, धाग्यांच्या फटीतून शाई आपोआप चढते. त्यामुळं अंतराळात दोन्ही पेन चालत होते.

---

मिसळ_एक्स्ट्रा_कट

चार हजार? भावा त्या पैशात पोराला रेनॉल्ड्स ०४५ चे डबे घेऊन दे, दहावीपर्यंत बघायला नको 😂 आम्ही निळ्या टोपणाचा पांढरा पेन चावून चावून बोर्ड पास झालो

---

रंकाळ्याचा_वारा

@शाईचा_डाग दादा नाद खुळा माहिती. कॅलेंडरचा प्रयोग आत्ताच केला, खरंच बंद पडला, आता आई विचारतीय कॅलेंडरवर रेघोट्या कुणी मारल्या.

@मिसळ तू गप 😄

---

उद्यमनगर_टर्नर

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, २०-२५ वर्षं झाली. पेनाकडं लोक लिहायची वस्तू म्हणून बघतात, आमच्या धंद्यातला माणूस बघतो तर त्याला आधी टोकाची गोळी दिसते. टंगस्टन कार्बाइडची गोळी असते, अर्धा, पाऊण, नाहीतर एक मिलीमीटर, ती पितळेच्या नाहीतर स्टीलच्या खोबणीत बसवून कड आत वळवतात. कड जास्त वळली तर गोळी फिरत नाही, कमी वळली तर शाई गळते, मधली जागा मायक्रॉनमध्ये आहे. आणि असला पेन आपण पाच-दहा रुपयाला घेतो अन् हरवला तरी दुःख करत नाही. मिसळ भाऊ चेष्टेत बोलले पण ०४५ सुद्धा जगात भारी इंजिनिअरिंगच आहे, फक्त सगळ्यांकडं असल्यामुळं कुणी बघत नाही.

आता पोरगं उघडून बघतंय म्हणताय तर माझी शिफारस ऐका. जपानची मित्सुबिशी पेन्सिल कंपनी (गाडीवाल्या मित्सुबिशीशी काही संबंध नाही) तिची २००८ ची कुरु तोगा नावाची पेन्सिल आहे. साधी पेन्सिल एका बाजूनं झिजून चपटी होते आणि अक्षर जाड येत जातं, हो का नाही. हिच्यात आत तीन दातेरी चकत्या आहेत. शिसं कागदावर टेकलं की मधली चकती केसभर वर सरकते, उचललं की खाली येते आणि येताना शिसं ९ अंश फिरवते. ४० वेळा टेकवलं की एक पूर्ण फेरी. त्यामुळं टोक कायम सुईसारखं. पारदर्शक नाहीतर छोटी खिडकी असलेला मॉडेल बघा, आतलं फिरताना दिसतं. पोरगं दोन दिवस अभ्यास करणार नाही, नुसतं टेकवत बसेल. आमच्या पोरानं आणली तर मीच ती दुकानात नेऊन लूप (डोळ्याला लावायचं भिंग) लावून बघत बसलो होतो, गिऱ्हाईक उभं होतं समोर.

दुसरा, पायलटचा कॅपलेस, १९६३ चं डिझाइन. फाउंटन पेन पण बॉलपेनासारखा टिचकी मारून चालू करायचा. खरी करामत अशी की निब आत गेली की पुढचं भोक एका छोट्या पत्र्याच्या झाकणीनं बंद होतं, नाहीतर शाई वाळली असती. ते झाकण निबेच्याच धक्क्यानं उघडतं. पण बजेटच्या फार वर आहे, फक्त व्हिडिओ दाखवा.

जुने पेन मिळाले तर बघा, शेफरचा १९५२ चा स्नॉर्केल, मागचं बटण फिरवलं की निबेखालून बारीक नळी बाहेर येते आणि ती एकटीच दौतीत बुडवायची, निब कोरडीच. आणि १९५६ चा पार्कर ६१, त्याला ना पंप ना रबर, मागचं तोंड शाईत धरून ठेवायचं आणि वाट बघायची, शाई आपली आपण चढते. बाहेरून टेफ्लॉन लावलंय म्हणजे पुसायलाही नको. कल्पना काटाकिर्र, पण आत शाई वाळली की धूत बसा आठवडाभर. म्हणून चालला नाही फार.

आणि शेवटचं म्हणजे पोराला आणा एकदा दुकानावर. एबोनाइटचा दांडा मिळाला तर लेथवर पेन ओढून दाखवतो. पहिला कट मारला की गंधकाचा वास सुटतो, रबरात गंधक घालूनच ते कडक केलेलं असतं. काळी लांब सालं निघतात संत्र्यासारखी. राजमहेंद्रवरमचे रत्नम पेन असेच हातानं ओढतात, गांधीजींना स्वदेशी पेन दिला होता तेच घराणं.

---

काउंटर_नंबर_३

मी बँकेत आहे, त्यामुळं मी आनंदावर विरजण घालायला आलोय, सवय आहे 🙏

या यादीत कुणीतरी आता तो उष्णतेनं खोडता येणारा पेन सुचवणारच, म्हणून आधीच लिहितो. पायलटचा फ्रिक्सन त्यात मूळ, २००६ ला युरोपात आला, आता सगळ्यांचे निघालेत. मागचं रबर कागद खरवडत नाही, घासल्यानं नुसती ऊब तयार होते आणि ६० अंशाच्या आसपास शाई रंगहीन होते. शाईत बारीक कॅप्सूल असतात, त्यात रंग, रंग उठवणारं रसायन आणि तापमान बघून त्या दोघांना वेगळं करणारं तिसरं द्रव्य. डोकं म्हणाल तर एक नंबर. पोराला जरूर द्या.

पण एक नियम घालून द्या की हा पेन घरातल्या कुठल्याही कागदपत्राला लावायचा नाही. शाई गेलेली नसते, दिसत नसते एवढंच. आमच्याकडं एक मावशी आल्या होत्या, असल्याच कुठल्यातरी पेननं भरलेला फॉर्म, चांगला रहावा म्हणून घरच्यांनी लॅमिनेशन करून आणलेला. मशीनच्या रोलरमधून गेला आणि छापील रेघा तेवढ्या राहिल्या. कोरा करकरीत फॉर्म, कडक, चकचकीत. मावशी म्हणतात साहेब मी भरला होता हो. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर वही राहिली तरी तीच गत.

मी त्यांना सांगितलं की लॅमिनेशन फ्रीजरमध्ये ठेवा. सगळे हसले. पण वजा १०-२० च्या दरम्यान रंग परत येतो, घरचा फ्रीजर वजा १८ वर असतोच. दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या, अक्षर आलं होतं, फिकट पण वाचण्यासारखं. भानगड एवढीच की त्यांनी जे मुद्दाम खोडून दुरुस्त केलं होतं तेही परत आलं, एकावर एक.

आणि चेकवर दुसऱ्याचा पेन कधीही वापरू नका, हे मी मोठ्यांसाठी लिहितोय. गायब होणारी शाई जादूच्या सामानात मिळते, त्यात थायमॉल्फ्थॅलिन असतं, अल्कलीत निळं दिसतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला की रंग उडतो. शाळेच्या प्रयोगात मजा, चेकवर नाही.

---

शाईचा_डाग

फ्रीजरवाली मावशी 😂😂 पण हे भाच्यासाठी बेस्ट आहे बघा. वहीच्या पानावर निरोप लिहायचा, इस्त्री फिरवायची, मग आईच्या नकळत फ्रीजरमध्ये. मटारच्या पिशवीखाली.

आणि त्याच्याकडचा निळ्या लाइटचा पेन फेकू नको. पेन खेळणंच आहे पण त्याचा अल्ट्राव्हायोलेट लाइट कामाचा. ५०० ची नोट अंधारात त्या लाइटखाली धर, नंबर चमकतात आणि कागदात विखुरलेले बारीक धागे चमकतात, उजेडात ते दिसत नाहीत. आणि साधा वहीचा कागद निळसर पेटतो पण नोटेचा कागद तसा पेटत नाही. पोरगं अर्धा तास गप्प बसतंय याची गॅरंटी.

---

कत_आणि_दौत

सगळेजण गोळी, स्प्रिंग आणि गॅसवर बोलालेत, म्हणून थोडं मागं जातो.

मी मोडी शिकतोय, पुराभिलेखागारातले रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) बघायला मिळाले तेव्हापासून डोक्यात बसलंय. बोरू हा पेन म्हणून किती साधा, वेताची नाहीतर बांबूची काडी, टोकाला तिरका छेद द्यायचा त्याला कत म्हणतात, मधे एक चीर, झालं. पण सगळं अक्षर त्या कतावर ठरतं. देवनागरीचा कत रोमनच्या उलट्या बाजूला तिरका असतो. म्हणून इंग्लिश कॅलिग्राफीचं निब घेऊन आपण ‘अ’ काढायला बसलो की जिथं जाड पाहिजे तिथं बारीक येतं आणि जिथं बारीक पाहिजे तिथं जाड, आणि आपल्याला वाटतं हातच वाईट. पोराला चाकू द्यायला नको, मोठ्यानं कापून द्या, दोन्ही बाजूंचे कत, दोन्हीनं एकच अक्षर काढू दे. खर्च शून्य. खोक्यात जे काही असेल त्यात सगळ्यात जास्त डोकं यात आहे असं माझं मत, भांडायची तयारी आहे.

विकतच घ्यायचा तर पायलटचा पॅरलल पेन. त्याला चिरलेली निब नाहीच, दोन सपाट पत्रे एकमेकांवर आणि मधून शाई येते. १.५, २.४, ३.८ आणि ६ मिलीमीटर अशा मापात मिळतो. दोन रंगांचे असतील तर एकाचं टोक दुसऱ्याला दोन सेकंद टेकवायचं आणि लिहायला लागायचं, अक्षराच्या सुरुवातीला एक रंग आणि हळूहळू दुसरा. माझ्या बहिणीनं यानं लग्नाच्या पाकिटांवर नावं टाकली, लोकांनी पाकिटं जपून ठेवली. आहेराचं माहीत नाही.

काचेचा टाकसुद्धा बघा, टोकाला पीळ दिलेल्या खाचा असतात, त्यात शाई चढून बसते आणि एका बुडवणीत बराच वेळ लिहितो. जपानात १९०२ च्या सुमाराला काचेच्या घंटा बनवणाऱ्या एका कारागिरानं आणला म्हणतात. फक्त फरशीवर पडला की विषय संपला.

@उद्यमनगर_टर्नर काका, कुरु तोगानं मोडी लिहून बघा, मजा येईल. मोडीत हात उचलायचाच नसतो, त्यामुळं शिसं फिरणारच नाही 😀

---

उद्यमनगर_टर्नर

@कत_आणि_दौत हाहा, बरोबर पकडलं. लांब ओढत लिहिणाऱ्याला ती कमीच फिरते. देवनागरी काना-मात्रा सुट्या काढणाऱ्या माणसाला फिट्ट बसते.

बोरूवर भांडणार नाही, ते मान्यच.

---

मिसळ_एक्स्ट्रा_कट

थ्रीडी पेन कुणीच सांगेना? हवेत चित्र काढायचं, नाद करायचा नाय

---

शाईचा_डाग

तो पेन नव्हे रे, तो हातात धरायचा डिंकाचा बंब. प्लॅस्टिकची तार वितळवून बाहेर ढकलतो. १.७५ मिलीमीटरची पीएलए तार, मक्याच्या स्टार्चपासून करतात, आणि नोझल २०० अंशाच्या आसपास तापतं. २०१३ ला पहिला आला तेव्हा हवा झाली होती. खेळायला मस्त, पण सातवीतल्या पोराला एकट्याला देऊ नको, टोकाला बोट लागलं तर रात्रभर थंड पाण्यात. घ्यायचाच तर कमी तापमानाच्या तारेवर चालणारे मुलांचे मॉडेल असतात ते घे.

पण विजेवर चालणारा पेन नवीन नाही. एडिसननं १८७६ ला इलेक्ट्रिक पेन पेटंट केला होता, वर छोटी मोटर, खाली सुई, सेकंदाला ५० टोचण्या. लिहिलं की कागदाला भोकं पडायची आणि त्या कागदावरून शाईचा रोलर फिरवून पाहिजे तेवढ्या कॉप्या काढायच्या. ऑफिसच्या कामासाठी होता. पुढं १८९१ ला न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं त्याच कल्पनेवरून टॅटूचं मशीन पेटंट केलं. म्हणजे जोतिबाच्या यात्रेत घर्रर्र करत दंडावर ‘आई’ गोंदून देणारा माणूस बसतो ना, त्याच्या हातात झेरॉक्सचा पणजोबा आहे.

---

काउंटर_नंबर_३

हे लय भारी होतं. यात्रेत आता मी त्याच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघणार.

एक राहिलं, बंगळुरूच्या ग्रॅविकी लॅब्सची एअर-इंक बघा. डिझेलच्या धुराची काजळी पकडून, त्यातलं घातक काढून काळी शाई बनवतात आणि मार्करमध्ये भरतात. ३० मिलीला साधारण पाऊण तास गाडी चालल्याचा धूर लागतो. इथं दुकानात मिळेल असं वाटत नाही, पण दसरा चौकात सिग्नलला उभं असताना पोराला सांगायला चांगलं आहे.

---

रंकाळ्याचा_वारा

मंडळी काय बोलू, एवढं येईल वाटलं नव्हतं. सध्या ठरलंय असं: गॅसवाली रिफिल, कुरु तोगा, पॅरलल एक (२.४), खोडायचा पेन नियमासकट, आणि बोरू मी स्वतः कापणार. काका तुमच्या दुकानावर रविवारी घेऊन येतो.

दोन शंका आहेत. भाचा डावखुरा आहे, हे आधी सांगायचं राहिलं. आणि गॅसवाली रिफिल त्याच्या आजोबांच्या जुन्या पार्करमध्ये बसंल का? बॉडी छान आहे, नुसती पडून आहे.

---

कत_आणि_दौत

डावखुरा असेल तर पॅरलल पेन घेताना विचार कर, डाव्या हाताची मूठ ओल्या अक्षरावरून फिरते आणि जाड निबेची शाई वाळायला वेळ घेते. मूठ ओळीच्या खाली ठेवून लिहीत असेल तर काही त्रास नाही, वरून आकडा करून लिहीत असेल तर वही आणि हात दोन्ही निळे. २.४ ऐवजी १.५ घे, शाई कमी सुटते. आणि बोरू कापायच्या आधी त्याला कागदावर लिहायला लाव, हात कसा धरतो बघ, कताची बाजू त्यावर ठरव.

---

उद्यमनगर_टर्नर

रविवारी सकाळी अकराच्या आत या, नंतर मी जेवायला घरी जातो.

तो जुना पार्कर बॉलपेनच आहे ना? फाउंटन असेल तर विषय नाही. बॉलपेन असेल तर फिशरच्या साध्या रिफिलीच्या पाकिटात प्लॅस्टिकची एक छोटी टोपी येते, ती मागं लावली की पार्करच्या मापात बसते. लोक कचरा समजून ती फेकून देतात आणि मग रिफिल आत खुळखुळती म्हणून माझ्याकडं घेऊन येतात. पाकीट फोडताना बघून फोडा.